निर्मात्याने प्रेक्षकांशी किती बोलावे?

नाटक संपल्यावर रंगपटात शिरून नटांना भेटण्याची हौस आपल्याकडे जुनीच आहे. पण रंगपटात शिरणाऱ्याला तेथे काय दिसावे आणि काय दिसू नये, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. एकदा दार उघडले की सगळेच दिसले पाहिजे, असा प्रेक्षकांचा हट्ट असतो. उलट, दार मुळी उघडूच नये, कलाकृती काय ती बोलेल, असे मानणारा एक सोवळा वर्ग साहित्यात आहे. ह्या दोन्ही पक्षांशी माझे भांडण आहे, आणि ते हवेत मांडण्यापेक्षा एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधाराने मांडावे असे मी ठरवले आहे. उदाहरण अमेरिकेतले आहे आणि दूरचित्रवाणीवरील एका विज्ञानमालिकेचे आहे. तेव्हा आमच्या काही प्राध्यापकांच्या कपाळाला आठी पडणार, हे मी गृहीत धरतो. अवकाशयाने आणि परग्रहवासी म्हणजे पोरखेळ, ही समजूत कला शाखेत अजून बरीच चिवट आहे. तिचा समाचार पुन्हा कधीतरी घेऊ.

मालिकेचे नाव 'बॅबिलॉन फाइव्ह'. तिचा कर्ता जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की. १९५४ साली न्यू जर्सीत जन्मलेला हा गृहस्थ पत्रकारिता करीत करीत दूरचित्रवाणीच्या लेखनाकडे वळला. १९८२ साली त्याचे पटकथालेखनावरचे पुस्तक निघाले. पाच मैल लांबीचे, स्वतःभोवती फिरणारे एक अवकाशस्थानक, त्यावर राहणारी माणसे आणि परग्रहवासी मिळून अडीच लाख वस्ती, आणि तेथे चाललेले तह, कारस्थाने आणि युद्धे, असा मालिकेचा विषय. तिचा प्रास्ताविक चित्रपट फेब्रुवारी १९९३ मध्ये दाखवला गेला. मालिका जानेवारी १९९४ मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये संपली. पाच पर्वे, प्रत्येक पर्वात बावीस, असे एकूण ११० भाग झाले. त्यांतले ९२ भाग एकट्या स्ट्रॅझिन्स्कीने लिहिले; तिसरे आणि चौथे पर्व तर सबंधच्या सबंध त्याच्या हातचे. स्नेहसंमेलनाच्या तोंडावर ज्यांनी एखादी एकांकिका पुरी करून पाहिली आहे, त्यांना ह्या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

पण मला त्याच्या लेखनापेक्षा त्याच्या बोलण्याविषयी लिहायचे आहे. १९९१ च्या सुमारास, म्हणजे मालिकेचा एक इंचही चित्रित झालेला नसताना, ह्या माणसाने आपल्या भावी प्रेक्षकांशी संगणकावरून बोलायला सुरुवात केली. आज हे ऐकून कोणाला नवल वाटणार नाही. त्या काळी मात्र टेलिफोनच्या तारेला संगणक जोडायचा, तासाच्या हिशेबाने पैसे मोजायचे आणि काळ्या पडद्यावर उमटणारी नुसती अक्षरे वाचायची, असा तो मामला होता. 'जीनी', 'कॉम्प्युसर्व्ह' ह्या सेवा आणि विद्यापीठांतून पसरलेले 'यूजनेट' ही त्या गप्पांची ठिकाणे. आपल्याकडे विदेश संचार निगमने सामान्य माणसाला इंटरनेट दिले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. तोवर तिकडे ह्या संवादाची तीन-चार वर्षे होऊन गेली होती. प्रेक्षक विचारीत, हा उत्तरे देई. दिवसभर चित्रीकरण, रात्री लेखन, आणि त्यातून उरलेल्या वेळात उत्तरे. ही उत्तरे हजारोंनी आहेत. चाहत्यांनी ती जपून ठेवली म्हणून आज आपल्याला वाचायला मिळतात.

तो बोलत काय असे? येथेच मला त्याचे पहिले मोठेपण दिसते. सिनेमाच्या पाक्षिकांतून कलावंत जे बोलतात ते आपल्याला पाठ आहे. सगळ्यांचे सगळ्यांशी छान जमते, भूमिका आव्हानात्मक असते आणि दिग्दर्शक देवमाणूस असतो. स्ट्रॅझिन्स्की बोलला तो कारखान्याविषयी. पैसा कोठे जातो आणि कोठे वाचवता येतो, ह्याविषयी. त्याचा एक मुद्दा मला फार आवडतो. संहिता वेळेच्या पुष्कळ आधी तयार असल्या, तर नेपथ्य करणाऱ्याला आणि वेशभूषा पाहणाऱ्याला पुढे काय लागणार हे कळते, आज उभारलेली भिंत चार भागांनंतर वेगळ्या रंगात वापरता येते, आणि आयत्या वेळच्या धावपळीत जो पैसा जळतो तो पडद्यावर दिसू लागतो. म्हणजे काटकसर ही हिशेबनिसाची बाब नसून लेखकाची आहे! त्या काळच्या 'स्टार ट्रेक'च्या मालिकांपेक्षा पुष्कळ कमी खर्चात ही मालिका उभी राहिली, ती ह्या शिस्तीवर.

तीच गोष्ट अवकाशयानांची. त्या वेळेपर्यंत अशी दृश्ये म्हणजे हाताने घडवलेल्या छोट्या प्रतिकृतींचे चित्रीकरण, असाच शिरस्ता होता. येथे 'फाउंडेशन इमेजिंग' नावाच्या संस्थेने 'अमिगा' जातीचे घरगुती वापराचे संगणक घेतले आणि त्यांवर सगळी याने चितारली. त्या प्रास्ताविक चित्रपटाच्या दृश्यचमत्कृतींना १९९३ साली एमी पारितोषिक मिळाले. आता पाहिले तर ती चित्रे थोडी प्लॅस्टिकची वाटतात, हे कबूल केले पाहिजे. पण त्यांतली लहान लढाऊ याने निर्वात पोकळीत जशी वळावीत तशी वळतात. विमानासारखी झोकांडी घेत नाहीत. पुढे जाता जाताच जागच्या जागी तोंड फिरवून मागे मारा करतात. पदार्थविज्ञान जाणणारे प्रेक्षक असल्या बाबींवर त्याला धारेवर धरीत. एकदा यानांचा वेग नेमका किती, असे कोणी विचारले, तेव्हा कथानकाला लागतो तितका, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. ह्या एका उत्तरावर आमच्या कथा-कादंबरीच्या पेपरातला अर्धा धडा शिकवता येईल.

अशा बोलण्याने काय साधले? माझ्या मते प्रेक्षकाची इयत्ता वाढली. जो माणूस चार वर्षे असली उत्तरे वाचतो, तो मालिका पाहताना नुसता 'पुढे काय' असे विचारीत नाही. हे दृश्य एकाच खोलीत का ठेवले, हे पात्र आजच का आले, असे विचारू लागतो. मालिकेचा आदि, मध्य आणि अंत आपण आधीच ठरवला आहे, पाच वर्षांची ती एकच कथा आहे, हे त्याने सुरुवातीलाच सांगून टाकले होते. प्रत्येक आठवड्याला गोष्ट त्याच आठवड्यात मिटवून टाकायची, ही तेव्हाच्या अमेरिकी मालिकांची सर्वसाधारण रीत. तिच्यात मुरलेल्या प्रेक्षकाला वेगळ्या तऱ्हेने पाहायला शिकवणे भाग होते. पहिल्या पर्वात सहज टाकलेले वाक्य तिसऱ्या पर्वात उगवणार आहे, तेव्हा लक्ष ठेवा, हे कोणीतरी सांगायला हवेच होते. कलाकृती काय ती बोलेल म्हणणाऱ्यांनी ह्याचा विचार करावा. नव्या रचनेची भाषा प्रेक्षकाला आली नसेल, तर कलाकृती बोलते आणि कोणी ऐकत नाही.

वाचकाने लेखकाशी मध्येच बोलण्याची गोष्ट तशी नवी नाही. डिकन्सची 'द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप' १८४०-४१ मध्ये क्रमशः निघत असताना नेलला मारू नका म्हणून वाचकांनी त्याला पत्रे धाडली. त्याने तिला मारलीच. कॉनन डॉइलने १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला दरीत लोटला आणि वाचकांच्या रेट्यापुढे दहा वर्षांनी पुन्हा उठवून बसवला. स्ट्रॅझिन्स्कीने ह्या बाबतीत पहिल्यापासून एक कुंपण घातले होते. मालिकेबद्दल काय वाटेल ते विचारा, शिव्या द्या, पण कथानकाच्या कल्पना सुचवू नका. हे कुंपण अहंकाराचे नव्हते, कायद्याचे होते. एखाद्याने सुचवलेली गोष्ट पुढे पडद्यावर दिसली, तर ती माझी म्हणून तो न्यायालयात जाऊ शकतो.

आणि कुंपण एकदा मोडलेच. ज्या गुन्हेगाराची स्मृती शिक्षा म्हणून पुसून टाकली आहे, त्याला आपला भूतकाळ कळला तर काय होईल, अशा अर्थाची कल्पना एका प्रेक्षकाने सर्वांदेखत लिहून टाकली. नेमक्या ह्याच विषयावरचा भाग स्ट्रॅझिन्स्कीच्या मनात तयार होता. तो त्याला बाजूला ठेवावा लागला. त्या बिचाऱ्या प्रेक्षकाने आपला कसलाही हक्क नाही असे रीतसर लिहून दिले तेव्हा कोठे तो भाग तयार झाला आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये दाखवला गेला. 'पासिंग थ्रू गेथसेमनी' हे त्याचे नाव. आपण पूर्वी खुनी होतो हे कळलेल्या एका संन्याशाची ती कथा आहे, आणि ज्यांच्या माणसांचा त्याने खून केला ते त्याला गाठायला येतात. ज्यांना ही मालिका सबंध पाहण्याइतका धीर नाही, त्यांनी निदान एवढा एक भाग पाहावा. एका चाहत्याच्या भाबड्या उत्साहामुळे तो आपल्या हातून जाणार होता, ही गोष्ट संवादाचे गोडवे गाणाऱ्यांनी विसरू नये.

आता दुसरी बाजू. निर्माता बोलू लागला की त्याच्या कारणांना कलाकृतीचे गुण समजण्याचा धोका असतो. चौथे पर्व चालू असताना पाचवे मिळेल की नाही, ह्याची शाश्वती नव्हती. मालिका दाखवणारे प्रक्षेपणाचे जाळेच कोसळत होते. म्हणून त्याने पुढच्या कथानकाचा बराचसा भाग चौथ्या पर्वात दाटीवाटीने बसवला, शेवटचा भागही चित्रित करून घेतला; आणि मग टीएनटी वाहिनीने पाचवे पर्व घेतले. तयार झालेला शेवटचा भाग पेटीत ठेवून दिला, आणि चौथ्या पर्वाच्या अखेरीला बसवायला दुसरा भाग घाईने लिहावा लागला. पेटीतला तो भाग २५ नोव्हेंबर १९९८ रोजी दाखवला गेला. त्याचे दिग्दर्शन स्ट्रॅझिन्स्कीनेच केले, आणि त्यात स्थानकाचे दिवे मालवणारा कामगारही तोच झाला आहे. हे सगळे प्रेक्षकांना त्याच्याच तोंडून कळले होते. परिणाम असा की, पाचव्या पर्वाचा पूर्वार्ध सैल आहे असे कोणी म्हटले की चाहते लगेच कारणे पुढे करतात. कारण खरे असेल; म्हणून सैल भाग घट्ट होत नाही. परीक्षेच्या आधी ताप आला होता, हे परीक्षकाला सांगून गुण वाढत नाहीत, तसेच हे. आमच्या वर्गात रोलाँ बार्थच्या १९६७ मधल्या निबंधावर बरीच खडाजंगी झाली होती. लेखक मेला आहे असे समजून वाचा, हे त्याचे म्हणणे मला तेव्हा आक्रस्ताळे वाटले होते आणि आजही वाटते. पण त्यातली एक गोष्ट खरी आहे. निकाल देताना लेखकाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करावे, न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवू नये.

ह्याहून गंभीर प्रश्न वेगळाच आहे. मालिका एकटा माणूस करीत नाही. निर्माता बोलतो तेव्हा तो इतर शेदोनशे माणसांविषयीही बोलत असतो, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या हाती तसा भोंगा नसतो. १९९७ साली, पाचव्या पर्वाच्या आधी, इव्हानोव्हाची भूमिका करणारी क्लॉडिया ख्रिश्चन मालिकेतून बाहेर पडली. का पडली, ह्याच्या दोन हकीकती दोन बाजूंनी जाहीरपणे सांगितल्या गेल्या, आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. प्रेक्षकांचे तट पडले. कराराची कलमे पाहिलेली नाहीत असे लोक करारावर निकाल देऊ लागले. कोण खरे बोलत होते ह्याच्याशी मला कर्तव्य नाही. नोकरीच्या वाटाघाटीचा असा जाहीर तमाशा झाल्याने एकाचेही भले झाले नाही, आणि प्रेक्षकाच्या पाहण्यात कवडीचीही भर पडली नाही, एवढे मात्र मी ठामपणे म्हणतो.

आणि आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती. पहिल्या पर्वाचा नायक कमांडर सिंक्लेअर. ही भूमिका मायकेल ओ'हेअर ह्या नटाची होती. पाच वर्षांची कथा ज्याच्याभोवती बेतली होती, तो नायक पहिल्या पर्वानंतर एकाएकी गेला आणि १९९४ च्या अखेरीस दुसऱ्या पर्वात ब्रूस बॉक्सलायट्नर नव्या भूमिकेत आला. प्रेक्षक चवताळले. इतके सगळे मोकळेपणाने सांगणारा माणूस हेच का सांगत नाही? तर्कांना ऊत आला. वाहिनीने काढले असेल, ह्याला अभिनय येत नव्हता म्हणून हाकलले असेल, दोघांचे भांडण झाले असेल. स्ट्रॅझिन्स्कीचे उत्तर ठरलेले असे. आम्ही परस्परसंमतीने आणि सलोख्याने वेगळे झालो. कथानकाच्या दृष्टीनेही नव्या नायकाची गरज होती. पुन्हा विचारा, पुन्हा तेच. बोलक्या माणसाने एका जागी कुलूप लावले की ते कुलूप फार उठून दिसते. ह्याला लबाड म्हणणारेही निघाले.

सप्टेंबर २०१२ मध्ये ओ'हेअर वारला. साठ वर्षांचा होता. त्यानंतर २०१३ साली फीनिक्स येथील चाहत्यांच्या मेळाव्यात स्ट्रॅझिन्स्कीने काय घडले ते सांगितले. पहिल्या पर्वाचे चित्रीकरण चालू असतानाच ओ'हेअरला गंभीर मानसिक आजार जडला होता. त्याला भास होत. आपल्यावर कोणी टपले आहे अशी भ्रांती त्याला पछाडीत असे. सेटवर उभे राहणेही त्याला दिवसेंदिवस अवघड होत चालले होते. त्याला उपचार घेता यावेत म्हणून चित्रीकरण काही महिने थांबवण्याची तयारी स्ट्रॅझिन्स्कीने दाखवली. ती ओ'हेअरने नाकारली. मालिका इतके दिवस थांबली तर ती बंदच पडेल आणि आपल्यापायी इतरांच्या पोटावर पाय येईल, अशी त्याला भीती होती. पर्व पुरे करायचे आणि मग बाजूला व्हायचे, असे दोघांनी ठरवले. पुढे उपचारांनी थोडे बरे वाटू लागल्यावर तो दुसऱ्या पर्वात क्षणभर दिसला, आणि मे १९९६ मधल्या 'वॉर विदाउट एंड' ह्या दोन भागांत परत येऊन त्याने सिंक्लेअरची कथा पुरी केली. मी हे मरेपर्यंत कोणाला सांगणार नाही, असे स्ट्रॅझिन्स्की त्याला म्हणाला होता. त्यावर ओ'हेअरचे म्हणणे पडले की, तुझ्या नव्हे, माझ्या मरणापर्यंत गप्प राहा. त्यानंतर लोकांना कळू दे. अशाच आजाराने गांजलेल्या दुसऱ्या कोणाला त्याचा उपयोग होईल.

ही हकीकत मी वसतिगृहात मित्रांना सांगितली तेव्हा एकाने आक्षेप घेतला, आणि तो आक्षेप टाकाऊ नाही. त्याचे म्हणणे असे की, म्हणजे एकोणीस वर्षे ह्याने अर्धेच सांगितले. मग त्याच्या इतर हजारो उत्तरांवर विश्वास काय म्हणून ठेवायचा? माझे उत्तर असे. परस्परसंमती होती, हे खरेच होते. सलोखा होता, हेही खरे होते. जे सांगितले नाही ते त्याच्या मालकीचे नव्हते. संहिता त्याची, हिशेब त्याचा, चुकलेले प्रसंग त्याचे, ह्या सगळ्याबद्दल बोलण्याचा त्याला अधिकार होता आणि तो त्याने सढळ हाताने वापरला. दुसऱ्याचा आजार ही त्याची सामग्री नव्हती. शिवाय गप्प राहण्यात त्याचा फायदा नव्हता, उलट तोटाच होता. एक वाक्य उच्चारले असते तर सगळे आरोप एका दिवसात निकालात निघाले असते, आणि वर सहानुभूती मिळाली असती ती निराळी. पण त्या वाक्याची किंमत त्या नटाने मोजली असती. ज्याला भास होतात अशी खबर असलेल्या नटाला १९९४ साली काम कोणी दिले असते? आजही कोण देईल, हे आपण आपल्या गावातल्या माणसांवरूनच ताडून पाहावे. घरातल्या वेडाचे नाव न काढता 'जरा तब्येत बरी नसते' म्हणणारी कुटुंबे आपल्या ओळखीची आहेत.

मित्राचे समाधान झाले नाही. प्रेक्षकाला कळण्याचा हक्क आहे, असे तो म्हणतच राहिला. हा 'हक्क' शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. आपण पैसे मोजून किंवा वेळ मोजून मालिका पाहतो, तेव्हा आपल्याला पडद्यावर जे दिसते ते विकत मिळते. ते दाखवणाऱ्या माणसांची प्रकृती, त्यांचे घर, त्यांचे दुःख हे त्या व्यवहारात येत नाही. आज तर प्रत्येक मालिकेचा निर्माता प्रेक्षकांशी बोलतो, किंबहुना त्याला बोलावेच लागते. एखादा नट दोन आठवडे दिसला नाही की 'स्पष्टीकरण द्या' असा गिल्ला होतो आणि पुष्कळदा स्पष्टीकरण दिलेही जाते. त्या नटाला कोणी विचारले होते का, हे कोणी पाहत नाही.

ओ'हेअरला विचारले गेले होते. कधी सांगायचे हे त्याने स्वतः ठरवले, का सांगायचे हेही त्यानेच ठरवले. 'वॉर विदाउट एंड'मध्ये सिंक्लेअर आपली माणसे मागे ठेवून हजार वर्षे मागच्या काळात निघून जातो, परत न येण्यासाठी. १९९६ साली प्रेक्षकांनी तो प्रसंग पाहिला तो कथानकाचा एक सुरेख उलगडा म्हणून, आणि तो नट त्या दिवशी सेटवर कसा उभा राहिला असेल हे त्यांतल्या कोणालाही ठाऊक नव्हते. प्रसंग तेव्हाही पुरेपूर पोचला होता.